गच्चीवरचा पतंग

अंबाजीला बायको भामा गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या दिवशी संक्रांतीसाठी आणलेला लाल पतंग कोनाड्यात तसाच होता.

संक्रांतीला अंबाजीने तो काढला आणि लेकीला घेऊन गच्चीकडे निघाला. त्यांना नांदेडला न्यायला आलेली धाकटी बहीण जिन्यात आडवी आली.

"दादा, हैदराबाद राज्याची तीन शकलं झाली, आपली मराठी माणसं गाशा गुंडाळून निघाली, आणि तू दुखवट्यात पतंग उडवतोस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. पोरीला तिच्या आईने शब्द दिलाय. हा पतंग उडाल्याशिवाय मी इथून हलत नाही."

वर जाऊन त्याने सवयीने मांजाची चरखी धरली. लेक पतंग घेऊन लांब उभी राहिली.



दरवर्षी दोघांच्या मधे उभी राहून, मांजा हातात धरून पतंग उडवायची ती भामा. अंबाजी अजून हैदराबादेत, चिक्कडपल्लीतच आहे. पतंग उडायचा राहिलाय.