हँडलवरचा हात

कॅमेरा सरकवणारी मोटरची गाडी आम्ही चौघांनी कॉलेजच्या प्रकल्पासाठी बनवली होती. एकदा हँडल हाताने फिरवलं की मोटर ती चाल लक्षात ठेवायची आणि आपणहून तशीच गिरवायची. आमच्यातला ढापण्या पहिली चाल नोंदवताना मध्येच शिंकला, हात थबकला. आम्ही त्याला धारेवर धरलं. “उद्या पुसून नवी करतो,” म्हणाला आणि घरी जाताना अपघातात गेला. परीक्षेच्या सकाळी ढापण्याचे बाबा त्याचं सामान न्यायला आले. मी गाडीचं बटण दाबलं. रिकामं हँडल फिरू लागलं. “हा त्याचाच हात, काका.” त्यांनी मुठीवर तळवा ठेवला. मध्येच हँडल थांबलं. “बिघडलं?” “नाही, तिथे शिंकला होता.” हँडल पुन्हा फिरलं. “अजून एक,” काका पुटपुटले, “तो नेहमी दोनदा शिंकतो.” हँडल थांबलं. दुपारी परीक्षक म्हणाले, “दोन झटके बसतात. पुसले का नाहीत?” “जमलं नाही, सर.”