एकाच किल्लीने उघडणारं पत्र

प्रयोगशाळेत साहेबांनी खोकल्याच्या औषधाचा नापास नमुना पास दाखवला, तेव्हा तिथेच काम करणाऱ्या तिने सरकारी तपासणी समितीवरच्या आपल्या मावशीला ईमेल केला. मजकूर मावशीच्या सार्वजनिक, म्हणजे कुणालाही कुलूप लावता येईल अशा डिजिटल किल्लीने कुलूपबंद केलेला. तो उघडणारी खासगी किल्ली एकट्या मावशीकडे होती. दोनच दिवसांनी साहेबांनी त्याच पत्राची छापील प्रत तिच्यापुढे टाकली. “ईमेल काय, कुठूनही फुटतो,” ते हसले. हा फुटणारा नव्हता, हे तिला ठाऊक होतं. जिन्यात जाऊन तिने फोन लावला. “मावशी, तुझी किल्ली चोरीला गेली का गं?” ‘हो’ म्हण, ती मनात विनवत होती. मावशी म्हणाली, “तुझ्या भल्यासाठीच दाखवलं त्यांना. आपापसात मिटवा, बाळा.” भाचीने डोळे पुसले. मग तेच पत्र कुलूप न लावता उघडंच ठेवून, खाली आपली डिजिटल सही करून समितीतल्या सगळ्यांना पाठवलं. यादीत पहिलं नाव मावशीचं होतं.