पाहुण्याचा कोपरा

पाइपचं एक टोक टाकीच्या तळाशी टेकवून वैदेहीनं दुसरं बादलीत सोडलं. खाऱ्या पाण्याबरोबर वाळू घरंगळत खाली आली. वरची करडी, खालची काळी. सडक्या अंड्यासारखा वास खोलीभर पसरला.

"बघा," ती म्हणाली. "अकरा वर्षांची वाळू आहे, बाबा. हे विष एकदम पाण्यात मिसळलं तर पाहुणा दिवसभर नाही जगायचा."

यज्ञेश्वरबुवा खुर्चीत बसून झांजांच्या दोऱ्या बदलत होते. चाळीस वर्षं कीर्तनात तासन्‌तास बोललेला माणूस, पण घरात मात्र तोलून मापून. "हळू कर," एवढंच ते म्हणाले.

पाहुणा म्हणजे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा. वैदेहीच्या आईचा, इंदूबाईंचा. त्या गुहागरच्या. लग्न होऊन काशीतल्या संकठा घाटाजवळच्या या घरात आल्या आणि समुद्र सुटला तो सुटलाच. बुवा दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नेतो. मग चातुर्मास यायचा, कुणाकडचा उत्सव यायचा. शेवटी इंदूबाईंच्या भावानंच रेल्वेनं पोतंभर वाळू आणि समुद्राच्या पाण्याचे चार कॅन आणले, तेव्हा ही टाकी मांडली. "तुम्ही नेलं नाहीत," इंदूबाई हसून म्हणाल्या होत्या, "म्हणून समुद्रच आला बिचारा."

त्यांच्या वर्षश्राद्धाला वैदेही पुण्याहून महिनाभराची रजा काढून आली, तेव्हा पाहुणा मलूल झाला होता. सगळी वाळू एका दिवशी बदलली तर मुरलेलं पाणी बिघडतं, म्हणून दर रविवारी ती चौथा हिस्सा काढायची आणि धुतलेली नवी जाड वाळू घालायची. आज तिसरा रविवार. काढलेली वाळू कचऱ्यात टाकायला बुवांचं मन घेत नव्हतं. ते स्वतः बादली उचलून पंचगंगा घाटावर जात आणि गंगेत सोडून येत.

"आता उजवा कोपरा राहिला," वैदेही म्हणाली. "पुढच्या रविवारी तो."

"तो नको. तिथं तो झोपतो."

"झोपेल की नव्या वाळूवर. मऊ गादी लागते का त्याला?"

"राहू दे म्हटलं ना."

तिनं पाइप खाली ठेवला. वर्षभर ओठांवर आलेलं आज निघालंच.

"आईचं ऐकलं नाहीत, आता माझं. मला गंगेत नको, माझ्या समुद्रात सोडा, असं तिनं तुमचा हात धरून सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात. आणि दहा दिवसांत नावेत बसून अस्थींचं मडकं सोडून मोकळे. त्याच्या तोंडाला बांधलेलं फडकंसुद्धा सोडलं नाहीत, इतकी घाई."

"सगळा घाट बघत होता, वैदेही."

"आणि कीर्तनात शब्दाखातर राज्य सोडणाऱ्या राजाचं आख्यान लावता."

बुवांनी झांजांची गाठ मारली, उकलली, पुन्हा मारली. मग बादली उचलून ते जिना उतरले.

चौथ्या रविवारी ते रामनगरला गेले. इंदूबाई गेल्यानंतरचं पहिलंच कीर्तन. वैदेहीची परतीची गाडी सोमवारची होती. निघताना बुवा टाकीजवळ थोडं थांबले, काचेवरून हात फिरवला आणि पगडी घालून बाहेर पडले.

दुपारी पाहुणा वर येऊन आ वासू लागला. कोपऱ्यातल्या वाळूतून बुडबुडे सुटत होते. वैदेहीनं बाबांना तीनदा फोन केला. कीर्तनात ते फोन बंदच ठेवायचे. ती पाच मिनिटं टाकीसमोर नुसती उभी राहिली. आईच्या हातचं एवढं एकच काय ते जिवंत उरलं होतं.

तिनं पाइप लावला.

कोपऱ्यात वरवर वाळू होती, खाली पांढुरके, भुरभुरे तुकडे. पोवळ्याचे असतील. आईनं कधीतरी शोभेला घातलेले. तिनं अलगद सगळं ओढून घेतलं आणि नवी वाळू पसरली. दिवेलागणीला पाहुणा खाली उतरला, कोपरा हुंगला आणि तिथंच स्थिरावला.

तिचे डोळे भरले. बाबांना आपण फार लागेल असं बोललो. माणूस काशीत जन्मला, काशीतच मुरला. गंगेपलीकडचं त्यांना सुचलं नसेल.

बादली घेऊन ती पंचगंगेवर गेली.

"का दीदी, आज महाराज नाहीं अइलन?" नाववाल्यानं विचारलं.

"आज हम ही आ गए, भैया."

गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं बादली उपडी केली. बाबा करतात तसे हात जोडले.

बुवा आले तेव्हा कपाळाला बुक्का होता, गळ्यात हार. चेहरा कित्येक महिन्यांनी उजळलेला.

"आज रंगलं," ते पगडी काढत म्हणाले. "राजाचंच आख्यान लावलं. शब्द पाळण्यावर बोलताना जीभ अडखळली नाही."

"बाबा, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. आणि हे बघा, पाहुणा वाचला."

बुवा टाकीशी वाकले.

"इथली वाळू कुठंय?"

"तुम्ही नेता तिथंच. गंगेत सोडून आले."

"सगळी?"

"सगळी. कणही नाही ठेवला."

बुवा जमिनीवरच बसले. गळ्यातला हार तसाच. रिकामी बादली त्यांनी जवळ ओढली, तिच्या तळावरून बोटं फिरवली, ती कपाळाला लावली.

"त्या दिवशी नावेत फडकं सोडलं असतं," ते म्हणाले, "तर मडक्यातली होमाची राख सगळ्यांना दिसली असती."