कोनाड्यातला दिवा

“दिवा शांत झाला, ताई,” भाऊ दारातूनच म्हणाला.

तिने शिवणयंत्र थांबवलं. अकरा वर्षांत हा तिच्या उंबऱ्यापाशी फिरकला नव्हता. आज आला तो भरदुपारी, हातात रिकामा कंदील घेऊन.

“शांत कसला होतो? विझला म्हण.”

“विझला. वाऱ्याने.”

विझला होता तो प्रार्थनाघरातला मोठा दिवा. आठ पिढ्या अखंड तेवणारा, असं सगळे सांगत. रोज संध्याकाळी घरटी एक माणूस छोटा दिवा घेऊन जायचा, मोठ्या दिव्यावर पेटवून घरी आणायचा आणि झोपताना मालवायचा. घरोघरी वीज आली तरी ही रीत सुटली नव्हती. काडी ओढून लावलेला दिवा कुणी दिव्यात धरत नसे.

तिचे वडील त्या दिव्याचे राखणदार. त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून सहा वर्षं तेल तिने घातलं, वात तिने बदलली, काच तिने पुसली. नाव वडिलांचं राहिलं. ते गेल्यावर तिने तोंड वर करून सांगितलं, राखणदार मी होणार. प्रार्थनाघराचा कारभार बघणाऱ्या मंडळींना ते झेपलं नाही. त्यांनी धाकट्या भावाला नेमलं, आणि हिच्या उद्धटपणाची शिक्षा म्हणून हिला यापुढे ज्योत द्यायची नाही असं ठरवलं. भाऊ तेव्हा मूग गिळून बसला होता. मंडळींपेक्षा त्याचंच तिला जास्त लागलं.

पण त्या ठरावाच्या आदल्या संध्याकाळी आणलेली ज्योत तिच्या घरात होती. ती तिने मालवलीच नाही. तापाने फणफणली असतानाही उठून तेल घातलं. कुणाच्या लग्नाला गेली नाही, कुठे मुक्कामाला राहिली नाही. शिवणयंत्राशेजारी ज्योत जळत राहिली, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. हट्टी बाई, म्हणायचे. होतीच ती हट्टी.

आता घरोघरचे दिवे थंड होते आणि जुनी ज्योत उरली होती एकट्या तिच्याकडे.

“एवढा एक दिवा सांभाळता आला नाही तुला?” ती म्हणाली. “आणि मंडळींना काय सांगितलंस?”

“जे झालं ते. सगळ्यांना सांगूनच आलोय. पायरीवर वाट बघताहेत.”

त्याने कंदील पुढे केला. त्याच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला काजळी लागली होती. काचसुद्धा धड पुसता येत नाही याला, तिच्या मनात आलं.

“ज्योत मिळेल. पण मी घेऊन येणार. भररस्त्यातून.”

“बरं.”

इतक्या चटकन ‘बरं’? तिला त्याची कीव आली. कुणीही ढकलावं आणि याने तिकडे जावं, असाच होता तो लहानपणापासून.

तिने आपला दिवा उचलला आणि ज्योतीभोवती तळवा धरला. न्हाव्याने वस्तरा थांबवला. दुकानांच्या दारांत माणसं आली. ती कुणाकडे न बघता चालत राहिली, भाऊ दहा पावलं मागे.

पायरीवर घड्याळं दुरुस्त करणारे काका सगळ्यांच्या पुढे उभे होते. ते मंडळींमधले सर्वांत थोरले. तो ठरावही त्यांनीच मांडला होता.

“दे ती भावाकडे,” ते म्हणाले. “आत तो लावेल.”

“मी राखलीय, मीच लावणार. आणि उद्यापासून वातही मीच बदलणार.”

“बाईच्या हाताने हा दिवा कधी लागलेला नाही.”

सहा वर्षं तिच्या डोळ्यांसमोरून गेली. काजळीने माखलेली बोटं, रात्रीतून दोनदा उठणं, आणि बाहेर वडिलांचं कौतुक. तिने ज्योतीभोवतीचा तळवा काढून घेतला आणि दिवा थेट काकांच्या तोंडासमोर धरला.

“मग मारा फुंकर.”

कुणी हललं नाही. ज्योत एकदा वाकली, पुन्हा सरळ झाली. काकांनी श्वाससुद्धा जपून, नाकाने घेतला. मग ते मान वळवून बाजूला झाले. त्यांच्यामागची मंडळीही सरकली.

आत गेल्यावर तिने काच काढली, वातीचं टोक नीट केलं आणि आपली ज्योत तिला टेकवली. वात पेटली. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. बाहेर कुजबुज सुरू झाली होती. होऊ दे, ती मनात म्हणाली.

काच परत बसवताना तिचा हात थांबला. कोनाडा भिंतीत दोन हात खोल होता. खोलीला खिडकी नाही, झरोका नाही. त्यात दिव्यावर ही काच. इथे तिने सहा वर्षं काढली होती, आणि ज्योत कधी थरथरलेलीही तिला आठवत नव्हती.

“इथे वारा कुठून आला रे?”

भावाने दाराकडे एकदा पाहिलं. मग काजळी लागलेला अंगठा आणि बोट तिच्यासमोर धरलं, आणि वात चिमटावी तशी ती दोन्ही हळूच मिटली.

“अकरा वर्षं लागली मला, ताई.”