तिळाएवढी अक्षरं

नव्या एडिटरमध्ये कोडची प्रत्येक ओळ तिच्या महत्त्वाप्रमाणे लहानमोठी दिसायची, आणि ते महत्त्व यंत्रच ठरवायचं. धरणाचे भोंगे वाजवणाऱ्या ओळी बोटभर उंच होत्या. माणसांनी माणसांसाठी लिहून ठेवलेल्या टिपा यंत्राच्या काहीच कामाच्या नव्हत्या, म्हणून त्या तिळाएवढ्या. कुमुदिनीताई तीन वर्षं मोठी अक्षरं तेवढी वाचून कोडला मंजुरी देत होत्या. डोळ्यांना किती बरं वाटायचं!

परवा धरणातून पाणी सोडलं, तेव्हा गावोगावचे भोंगे वाजले. नदीकाठच्या नव्या वस्तीतला मात्र मुका राहिला. नऊ माणसं वाहून गेली.

"ताई, इथे काहीतरी बारीक लिहिलंय," शेजारच्या टेबलावरची रेहाना म्हणाली आणि तिने अक्षर वाढवलं.

टीप हा कोड लिहिणाऱ्या देशिंगकरांची होती, त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी लिहिलेली. 'नव्या वस्तीत भोंगा बसला की तिचं नाव यादीत घालावं.'

त्याखाली आणखी एक ठिपक्यांची रांग दिसत होती. ती कुमुदिनीताईंनी स्वतःच मोठी केली.

'ताई, तुम्ही ओळन् ओळ वाचता, म्हणून वेगळं सांगत बसलो नाही.'