माझं एकटीचं चुकलं

सरांनी माझं जर्नल टेबलावर आपटलं.

"लंबकाच्या प्रयोगात अख्ख्या वर्गाचं उत्तर अगदी पुस्तकातल्यासारखं आलंय, मग तुझं एकटीचंच कसं चुकलं? आणि म्हणे बाईसाहेबांना विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात जायचंय! असल्या अर्धवटांना तिथे दारात उभं करत नाहीत. जा, कुणाचं तरी बघून लिही. नाहीतर माझी शिफारस विसर!"

वर्ग फिदीफिदी हसला. झोके मोजून मोजून आधीच डोळे चुरचुरत होते, त्यात माझं डोकं सणकलं. मी मूठ उघडून सरांच्या नाकासमोर धरली.



"सर, आपल्या लॅबमध्ये चालणारं स्टॉपवॉच हे एवढं एकच आहे. आणि तास सुरू झाल्यापासून ते माझ्याच हातात आहे."