गाडीच्या आरशातलं झाड

कॅनडातल्या कॅम्लूप्सच्या रखरखीत टेकडीवर, एकुलत्या एका पाइनच्या झाडाखाली मराठी मंडळाची पिकनिक होती. ढग गडगडले तसं मी सगळ्यांना बजावलं, "झाडाखाली थांबू नका, गाडीत बसा." शाळेत हेच शिकवतात; केस आपोआप उभे राहिले तर वीज तिथेच कोसळणार, हेही. पण माझं ऐकतंय कोण?

"ऊर्मी मॅडम, वडे गार होतील," आई म्हणाली. सगळे हसले.

मी संतापून एकटीच गाडीत बसले. आरशात तेच पाइनचं झाड दिसलं, पण जळून कोळसा झालेलं. खाली कुणीच नव्हतं. वळून पाहिलं, तर झाड हिरवंगार आणि सगळे वडे खातायत.

मी हॉर्न दाबून धरला.

"काय तमाशा लावलायस?" बाबा तरातरा निघाले. झाडाखालून बाहेर पडताच ते आरशात दिसले.

मी हॉर्न सोडलाच नाही. आई मात्र कानांवर हात ठेवून झाडाखालीच हसत उभी होती, आणि तिचे मोकळे केस हळूहळू वर उठत होते.